निंगव्वाचं स्टेशन

ह्यांना बिनतारीवर बोलता यायचं नाही. यंत्र ह्यांनीच बांधलं, वेटोळी ह्यांनीच गुंडाळली, कौलांवरून तार ह्यांनीच ओढली. पण बोलायची वेळ आली की जुन्या टेलिफोनचं काढलेलं तोंड हातात धरून हे म्हणायचे, “निंगव्वा, जेवलीस का?” आणि थांबायचे. पलीकडून उत्तर यायची सोय नाही हे ह्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी थांबायचे. मग विचारायचे, “खोकला कसा आहे?” पुन्हा थांबायचे. व्हॉल्व्हचा तांबूस उजेड ह्यांच्या हनुवटीवर पडलेला असायचा आणि चेहरा असा, की आता कुणीतरी ‘बरा आहे’ म्हणेल. शेवटी शिवलीलेला मांडीवर घेऊन मीच ते तोंड ह्यांच्या हातातून काढून घ्यायची आणि बोलायला लागायची. आज भाकरी करपली, नळाला पाणी उशिरा आलं, तुझ्या भाचीला खालचा दात दिसतोय.

निंगव्वा ही ह्यांची पाठची बहीण. तिला दुधनीला दिली होती. सासरी खोकला लागला, मग ताप, मग एक दिवस तिचा दीर तिला बैलगाडीतून आमच्या दारात उतरवून पाणीही न पिता परत गेला. आल्या आल्या तिनं शिवलीलेला उचललं. तेव्हा शिवलीला तीन महिन्यांची होती. निंगव्वानं तिला पाळण्यात कमी आणि छातीशी जास्त ठेवली. डॉक्टरांनी क्षय म्हणून सांगितलं, त्या दिवशी मी पोरीला तिच्या हातातून घेतली ती घेतलीच. त्यानंतर कितीतरी दिवस मी झोपलेल्या पोरीच्या छातीवर हात ठेवून बसत असे. श्वास जरा जोरात आला की वाटायचं, आला खोकला.

पुण्याला कॉलेजात असताना आरोग्यशास्त्राचं पुस्तक मी आवडीनं वाचलं होतं. त्यातलं सगळं मला आता पाठ होतं, आणि त्याचा उपयोग एवढाच, की शेजारणींना ज्याची भीती वाटत नव्हती त्याचीही मला वाटायची. मिरजेच्या दवाखान्यात जागा नव्हती. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत ठेवा. मंद्रूपच्या रस्त्याला चार मैलांवर आमचं थोडं रान आहे, कडुनिंबाखाली दगडी खोपटं आहे. तिथं तिला ठेवली. घरात तान्हं मूल आहे तोवर घरातल्या कुणी तिकडं जायचं नाही, हे मी ठरवलं. अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, चंद्रव्वा, त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत. पण जायला त्याही निघाल्या नाहीत. शिवलीला त्यांच्या मुलाची पहिली मुलगी होती.

रानाला लागून धुळाप्पा धनगराची मेंढरं बसायची. त्याची बायको केराबाई निंगव्वाचं भाकरी-पाणी बघायला तयार झाली. ती दिवसाआड दूध घेऊन शहरात यायची. मी तिला उंबऱ्याबाहेर उभी करून सगळं समजावून सांगितलं होतं.

“तिच्या अंगाला, तोंडाला जे लागेल ते उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय तू हात लावायचा नाहीस. भांडं, फडकं, काहीही.”

“समदं?”

“समदं.”

“आन् मला तेवढं उकळू नगासा म्हंजे झालं,” केराबाई म्हणाली. पण तिनं ऐकलं. निंगव्वाची ताटली उकळून उकळून पांढरी पडली, असं ती पुढं सांगायची.

हे मिलच्या पॉवर-हाऊसमध्ये होते. जायचं नाही म्हटल्यावर हे महिनाभर गप्प होते, आणि मग एक दिवस मुंबईहून टपालानं एक व्हॉल्व्ह आला. ह्यांचा बेत साधा होता. निंगव्वाला ऐकायला बॅटरी नको, काही नको. कडुनिंबावरून एक लांब तार, एक तार जमिनीत, एक डबी, डबीत एक चकचकीत खडा आणि त्या खड्यावर टेकलेलं बारीक तारेचं टोक. कानाला लावायची जोडी. आम्ही इकडून बोलायचं, तिनं तिकडं ऐकायचं. हे एकदाच रानात जाऊन ते सगळं बसवून आले, तेही निंगव्वाला झाडाखाली लांब बसवून. आल्यावर मी ह्यांना परसातच गरम पाण्यानं आंघोळ करायला लावली.

परवान्याचं मी विचारलं होतं. हे म्हणाले, “ऐकायच्या रेडिओला पोस्टातून परवाना मिळतो. बोलायच्या यंत्राला मागायला गेलो, तर आधी विचारतील, तुला कुणाशी बोलायचंय? आणि आपलं गाव सोलापूर.” मार्शल लॉ उठून चार वर्षं होत आली होती, तरी पांढरी टोपी घालताना माणसं अजून रस्त्याकडे बघून घ्यायची. त्यातच बिनतारीचा नवा कायदा आला होता. नुसतं यंत्र घरात ठेवलं तरी गुन्हा. मी त्या तारेखाली एक दोरी बांधली आणि शिवलीलेची दुपटी वाळत घालायला लागले, म्हणजे वर बघणाऱ्याला दोन्ही दोऱ्याच वाटाव्यात.

चैत्रात सुरू झालं. तिसऱ्या की चौथ्या खेपेला केराबाई दूध घेऊन आली ती हसतच.

“वन्सं म्हणत्यात, वैनीला सांग, चटणीत लसूण कमी घाल. चार मैलांवर वास आला म्हणं.”

आदल्या संध्याकाळी मी शेंगांच्या चटणीचं बोलले होते. अव्वा चुलीपुढून उठून उंबऱ्यापर्यंत आल्या. “आणखी काय म्हणाली?”

“आणि म्हणाल्या, अण्णाला म्हणावं, मी जेवले. तो थांबतोय तंवर मी हितं मोठ्यानं सांगते, जेवले म्हणून.”

हे अंगणात हात धूत होते. तसेच पाण्याखाली हात धरून उभे राहिले.

ते दिवस बरे होते. संध्याकाळ झाली की अव्वा दिवा लावून अंगारा लावायच्या, एक बोट शिवलीलेला आणि एक बोट त्या यंत्राच्या लाकडाला. शिवलीला त्या तोंडात हुंकार द्यायची, आणि पुढच्या खेपेला केराबाईकडून निरोप यायचा, “पोरगी आज नाकात बोलली, सर्दी हाय का बघा.” खरंच सर्दी असायची. माझ्याआधी चार मैलांवरून तिला कळायची.

श्रावणापासून निरोप बदलले. केराबाई सांगायची, “ऐकत्यात की. कानाला लावून बसत्यात, तिन्हीसांजेला.” आणि निरोप म्हणून एवढंच, “बरं हाय म्हणाव. बोलत ऱ्हावा.” लसणाचं नाही, सर्दीचं नाही. मी मुद्दाम विचारलं, काल मी काय सांगितलं ते तिला आवडलं का? केराबाई पदर सारखा करत म्हणाली, “आवडलं की. लई आवडलं.” मला वाटलं, दुखणं वाढलंय. माणूस खंगत गेलं की चेष्टा आधी जाते, असं मी आमच्या घरी माझ्या काकांचं पाहिलं होतं. ह्यांना मी हे बोलले नाही. मी एवढंच केलं, की संध्याकाळच्या बोलण्यात हसण्यासारखं काहीतरी शोधायला लागले.

नळावर शेजारच्या बजाबाई एक दिवस म्हणाल्या, “अगं नीलाबाई, त्या गुंडाप्पा कापडवाल्याकडच्या रेडिओवर मुंबईची एक बाई येते म्हणे. दिवे लागले की येते. गाणं नाही, भजन नाही, नुसतं घरातलं बोलत बसते. काल म्हणे तिचं दूध उतू गेलं.”

“मुंबईला दुधाला धरबंद कुठला,” अव्वा म्हणाल्या. त्यांनी घागरीवरून नजर उचलली नाही.

“आमचे तिथं रोज जाऊन बसतात. म्हणतात, बाई मनाची चांगली आहे. मधेच मिलचा भोंगा ऐकू येतो म्हणे. तर मुंबईला काय मिली कमी आहेत?”

घरी आल्यावर अव्वांनी घागर ठेवली आणि आधी कानडीत म्हणाल्या, “साकु,” मग मराठीत, “आता पुरे. उद्यापासून नको.”

मलाही तेच म्हणायचं होतं; उतू गेलेलं ते दूध आमचंच होतं. दोन खोल्या, परसातली एक पडवी, मिलचा पगार, मांडीवर पोर. ह्यांना धरून नेलं तर आम्ही दोघी बायका कुठं जाणार होतो? रात्रीचं जेवण झाल्यावर मी ते ह्यांना सरळ विचारलं.

हे म्हणाले, “तिला काय सांगायचं?”

“जे आहे ते.”

“म्हणजे माझ्यामुळं अण्णा तुरुंगात जाईल, हे तिनं त्या खोपटात एकटीनं पडून ऐकायचं?” हे दिव्याची वात सारखी करू लागले. “आणि न सांगता थांबलो, तर ती कानाला लावून बसलेली असेल. रोज. काय झालं असेल म्हणून.”

आजारी माणसाच्या कानावर घरातलं वाईट घालायचं नाही, ही आमच्याकडची रीत. माझे वडील गेले तेव्हाही अंथरुणावरच्या आजीला कुणी महिनाभर सांगितलं नव्हतं. त्यामुळं केराबाईला आम्ही एका शब्दानं काही बोललो नाही. बोलणं चालू ठेवलं, फक्त कमी वेळ. शिवलीलेला आता मी त्या वेळी अव्वांकडे आत देत असे, तिचं रडणं ओळखीचं होऊ नये म्हणून.

कार्तिकात बजाबाईंची शेळी भिंतीवरून आमच्या परसात आली आणि अव्वांच्या नव्या इरकली लुगड्याचा पदर चघळून बसली. अव्वा काठी घेऊन मागं, शेळी पदरासकट पुढं, आणि बजाबाई भिंतीपलीकडून ओरडतायत, “मारू नका, गाभण आहे.” अव्वा म्हणाल्या, “मग बाळंतविडा म्हणून घेऊन जाते का लुगडं?” मला इतकं हसू आलं, की कित्येक महिन्यांत आलं नव्हतं. निंगव्वानं तिच्या आईचं हे बोलणं ऐकायला हवं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. संध्याकाळी मी ते तिखटमीठ लावून सांगितलं. शेळी सांगितली, लुगडं सांगितलं, आणि बजाबाईंचं नावही जिभेवर होतं तसं निघून गेलं. हे माझ्याकडे बघत होते. माझ्या ध्यानात आलं तेव्हा वाक्य पुरं झालं होतं.

बजाबाईंचे यजमान त्या वेळी गुंडाप्पाच्या दुकानात रेडिओपुढं बसले होते.

बजाबाईंनी चहाडी केली नाही. त्यांच्या मनात तसलं काही नव्हतं. मुंबईहून आपलं नाव आलं, आपली शेळी गाभण आहे हे सरकारी रेडिओनं सांगितलं, याचाच त्यांना हरिख झाला. सगळ्या पेठेला सांगून झाल्यावर त्यांनी भिंतीवरून आमच्याकडे पाहिलं, दोऱ्या पाहिल्या, आणि त्यांचं तोंड उतरलं. “अगं बाई,” एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. तोवर पेठेतल्या कुणाच्या कानातून कुठं जायचं ते गेलं होतं.

एक साहेब आणि पोलीस आले ते दुपारी, हे घरी असतानाच. साहेब बोलायला मऊ होते. खुर्ची नव्हती म्हणून पेटीवर बसले.

“कुणाशी बोलत होता?”

“बहिणीशी.”

“ती काय उत्तर देत होती?”

“तिच्याकडे बोलायचं यंत्र नाही.”

“मग ती ऐकते हे तुम्हाला कशावरून कळतं?”

“ऐकते,” हे म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही शेंगांचं फार बोलत होता. शेंगा म्हणजे काय?”

“शेंगा म्हणजे शेंगाच,” मी म्हटलं.

“आणि शेळी?”

अव्वांनी आतून ते कुरतडलेलं लुगडं आणलं आणि साहेबांच्या पुढ्यात टाकलं. साहेब हसले नाहीत. पोलिसांनी यंत्र उचललं, कौलांवरची तार ओढून काढली. तिच्यासोबत खालची दोरीही आली आणि दुपटी चिखलात पडली. मी ती गोळा करत होते तेव्हा ह्यांना घेऊन गेले.

हे आठवड्यानं सुटले. बहीण खरीच आजारी आहे, हे कुणीतरी चौकशी करून लिहिलं असावं. पुन्हा यंत्राला हात लावणार नाही असं लिहून घेतलं. मिलनं मात्र कामावर घेतलं नाही. हे यंत्राच्या बॅटऱ्या मिलमध्ये भरून आणत होते, हे त्यांना पुरेसं होतं.

घरी आल्या आल्या हे म्हणाले, “मी रानात जातो. आठ दिवस ती नुसती बसली असेल.”

मी नाही म्हणाले नाही. शिवलीलेला अव्वांजवळ ठेवली आणि ह्यांच्यामागून निघाले. वाटेत माझ्या मनात एवढंच चाललं होतं, तिला काय सांगायचं आणि किती लांबून सांगायचं.

निंगव्वा खोपटाच्या दारात भिंतीला टेकून बसली होती. हात काड्यांसारखे झाले होते. डोक्यावर ती कानाची जोडी होती, ढिली, गालापर्यंत घसरलेली. केराबाई चुलीला जाळ घालत होती. ह्यांना पाहून निंगव्वानं आधी मागं सरकायला पाहिलं, मग तिला तेवढं बळ नाही असं दिसलं.

“अण्णा, लांब राहा. घरात लेकरू आहे,” ती म्हणाली. आवाज पार बसला होता.

हे लांब राहिले नाहीत. जवळ जाऊन उकिडवे बसले. “निंगव्वा, आता ते बंद झालं. आठ दिवस झाले. तुला कळवता आलं नाही.”

ती ह्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “हं.”

त्या ‘हं’ मध्ये काहीतरी होतं. ह्यांनी तिच्या डोक्यावरची जोडी हळूच काढली. आतली पत्र्याची चकती गंजून गेली होती, कडेचा काळा भाग वितळून फुगला होता. हे उठून आत गेले आणि डबी घेऊन आले. डबीत खडा होता, राखेसारखा, आणि त्याच्यावर टेकायची बारीक तार नव्हतीच.

“हे कशानं झालं?”

केराबाई चुलीपाशी उभी राहिली. तिच्या हातात फुंकणी होती.

“म्या उकळलं,” ती म्हणाली. “नागपंचमीच्या सुमाराला. खोकताना रगात आलं, समदं त्या कानाच्या वस्तूवर, डबीवर. मग म्या दोनी उकळली. चांगली येळभर.” तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. “बाईंनी सांगितलं हुतं की. समदं म्हणून.”

“तेव्हापासून?” हे म्हणाले.

“तेव्हापास्नं न्हाय बोलत ते.”

“आणि तू आम्हाला सांगत होतीस, ऐकते म्हणून?”

“तिला कशाला बोलतोस,” निंगव्वा म्हणाली. एकेक शब्दाला तिला दम घ्यावा लागत होता. “मीच म्हटलं, सांगू नको. कळलं असतं तर तू दुरुस्तीला आला असतास. आलाच असतास. आणि मग घरी जाऊन पोरीला घेतलं असतंस.”

“मग हे कानाला लावून का बसायचीस?”

“केराबाई देवाला भिते. अगदीच खोटं बोलायला तयार नव्हती. म्हणून तिच्यासमोर लावून बसायचे, म्हणजे तिला सांगता यावं.” ती थांबली. खोकला आला, तो संपेपर्यंत आम्ही तिघंही दुसरीकडे बघत होतो. “शेवटचं कळलेलं ते दाताचं. आला का गं दात, वहिनी?”

“चार आले,” मी झाडाखालून म्हटलं.

मी पुढं गेले नाही. मला जावंसं वाटत होतं की नाही, हेही मला सांगता येणार नाही. शेळीची गोष्ट तिला सांगावी असं मनात आलं, तोंडापर्यंत आली, पण आता ती हसण्याची राहिली नव्हती. घरी अव्वा लेकीची खबर ऐकायला वाट बघत होत्या, आणि मी संध्याकाळ व्हायच्या आत परतायला हवं, एवढंच मला सुचत होतं.

हे माझ्याबरोबर परतले नाहीत. म्हणाले, “कामाला तर जायचं नाही. आता हिच्यापाशी राहतो.” केराबाईनं मला वाटेपर्यंत सोडलं. जाताना ती म्हणाली, “बाई, म्या चुकले का?” मी म्हटलं, नाही. आणि तिनं विचारलं तर मी तिला पुन्हा तेच सांगेन, समदं उकळ.

निंगव्वा पौषात गेली. शहरात गड्ड्याची जत्रा भरली होती आणि रस्ते माणसांनी भरलेले होते, म्हणून केराबाईला निरोप घेऊन यायला उशीर झाला. अव्वांना तिचं तोंड पाहता आलं नाही.

हे परत आले त्याला आता दीड महिना झाला. आत आले नाहीत. मी सांगायच्या आधीच परसातल्या पडवीत अंथरूण टाकलं. ताटली वेगळी, तांब्या वेगळा. मीच उकळते. डॉक्टर म्हणतात, काही महिने बघू. नोकरी कुठं मिळालेली नाही, आणि कुणी विचारतही नाही.

दिवे लागले की अव्वा शिवलीलेला उंबऱ्यात घेऊन बसतात. ती आता धरून उभी राहते. मधे अंगण असतं. पलीकडून हे पडवीच्या खांबाला टेकून विचारतात, “लीला, जेवलीस का?” आणि थांबतात. पोर त्यांच्याकडे बघते. तिला अजून बोलता येत नाही.

मी दाराआड उभी राहून ऐकत असते. पोरीचं नाही, ह्यांचं. त्या थांबण्यात खोकला येतो का, तेवढंच ऐकत असते. आज आला नाही.